क्वीअर अस्मिता आणि डिझायनरची मूल्यदृष्टी : वेंडेल रॉड्रिक्स यांच्या कार्याच्या संदर्भात

गोषवारा

लेखक, चित्रकार अथवा डिझायनर यांची लैंगिक अस्मिता त्यांच्या कामात उतरते काय, आणि उतरत असल्यास ती कोणत्या स्वरूपात उतरते, या प्रश्नाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी गोव्यातील वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स (१९६०–२०२०) यांचे जीवन व कार्य आधारभूत मानले असून, तुलनेसाठी इंद्रधनुषी ध्वजाचे निर्माते गिल्बर्ट बेकर आणि वेशभूषाकार रोहित बल यांचा विचार केला आहे. अस्मिता ही विशिष्ट शैली देत नाही. ती विशिष्ट प्रश्न देते, असे प्रतिपादन येथे केले आहे. शेवटी भोर व वेल्हे या तालुक्यांतील महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने या प्रतिपादनाचा अर्थ काय होतो, हे पाहिले आहे.

बीजसंज्ञा : क्वीअर अस्मिता, लिंगभाव, वेशभूषा, अभिकल्प, मूल्ये, कुणबी साडी, ग्रामीण महाविद्यालय.

१. प्रास्ताविक

कलावंत आणि कलाकृती यांचा संबंध हा साहित्यसमीक्षेतील जुना प्रश्न आहे. कवीचे चरित्र बाजूला ठेवून कविता वाचावी, असे एक मत आहे. चरित्राविना कवितेचा अर्थ अपुरा राहतो, असे दुसरे. दलित साहित्याच्या चळवळीने या वादात निर्णायक भर घातली. लेखक कोठून बोलतो यावर तो काय पाहू शकतो हे ठरते, ही जाणीव मराठी समीक्षेला त्या चळवळीने दिली. स्त्रीवादी समीक्षेनेही हेच सूत्र पुढे नेले. तथापि लैंगिक अस्मितेच्या संदर्भात हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला गेला आहे, आणि साहित्याबाहेरच्या क्षेत्रांत, उदाहरणार्थ वस्त्र, वास्तू, वस्तू यांच्या रचनेत, तर तो जवळजवळ विचारलाच गेलेला नाही.

प्रस्तुत विषयाकडे लेखकाचे लक्ष वर्गातील एका प्रसंगाने वेधले. पदवीच्या वर्गात पद्म पुरस्कारप्राप्त व्यक्तींची चर्चा चालू असता रॉड्रिक्स यांचा उल्लेख आला. ते समलैंगिक होते व ही गोष्ट त्यांनी कधी लपविली नाही, असे सांगताच मागील बाकांवर हशा पिकला. हसणाऱ्यांपैकी एकाने, शिवणकाम करणारे पुरुष तसेच असतात, असा शेरा मारला. तास संपल्यावर एक विद्यार्थी थांबून राहिला आणि या माणसाविषयीचे पुस्तक ग्रंथालयात मिळेल का, एवढेच त्याने विचारले. पुस्तक ग्रंथालयात नव्हते. त्या दोन प्रतिक्रियांच्या मधल्या अंतरात या लेखाचा विषय सामावलेला आहे.

२. संकल्पनांचे स्पष्टीकरण

‘क्वीअर’ हा शब्द इंग्रजीत मुळात विचित्र अशा अर्थाने, पुढे शिवीसारखा वापरला जात असे. विसाव्या शतकाच्या अखेरीस ज्यांना तो शब्द उद्देशून वापरला जाई त्यांनीच तो अभिमानाने स्वीकारला. समलैंगिक, उभयलैंगिक, पारलिंगी आणि स्त्री-पुरुष या ठरीव चौकटीत न बसणाऱ्या सर्वांना सामावणारा शब्द म्हणून तो आज रूढ आहे. मराठीत या विषयाची परिभाषा घडविण्याचे काम पुण्यातील बिंदुमाधव खिरे यांच्या लेखनाने आणि त्यांनी २००२ मध्ये स्थापन केलेल्या समपथिक ट्रस्टने मोठ्या प्रमाणावर केले आहे. त्याआधी मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले होते.

येथे दोन गोष्टींत भेद करणे आवश्यक आहे. लैंगिक कल म्हणजे आकर्षण कोणाविषयी वाटते ही बाब होय. लिंगभाव म्हणजे आपण स्वतःला स्त्री, पुरुष वा अन्य काय मानतो ही बाब होय. समलैंगिक पुरुष हा स्त्रीसारखा वागतोच असे नाही, आणि मृदू स्वभावाचा पुरुष समलैंगिक असतोच असेही नाही. वर्गातील हशा या दोन बाबींच्या गल्लतीतून जन्मतो.

‘डिझायनर’ या शब्दासाठी मराठीत अभिकल्पक, रचनाकार असे पर्याय आहेत. परंतु बोलण्यात डिझायनर हाच शब्द रुळला असल्याने येथे तोच वापरला आहे. डिझायनर वस्तूला केवळ रूप देत नाही. ती वस्तू कोण वापरणार, तिच्यामुळे कोणाची सोय होणार व कोणाची गैरसोय होणार, ती कोणाच्या हातून बनणार, हे तो ठरवीत असतो. या निवडी म्हणजेच त्याची मूल्यदृष्टी होय. भोर-वेल्ह्याच्या मावळपट्ट्यात भातलावणीच्या वेळी डोक्यावर घेतले जाणारे इरले हे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. वाकून काम करताना दोन्ही हात मोकळे राहावेत आणि पाठ कोरडी राहावी, या गरजेतून त्याचा आकार घडला. ते कोणी एका व्यक्तीने रचले नसले तरी त्यात वापरणाऱ्याच्या शरीराचा विचार पुरेपूर आहे. डिझाइन हा शहरी चैनीचा विषय आहे, हा समज यामुळे दूर व्हावा.

३. रंगभूमीवरील स्वीकार आणि जीवनातील नकार

वेशभूषा आणि लिंगभाव यांच्या नात्याविषयी महाराष्ट्राचा अनुभव समृद्ध आहे, पण विसंगतही आहे. बालगंधर्वांनी (१८८८–१९६७) रंगमंचावर स्त्रीभूमिका साकारल्या; त्यांची साडी नेसण्याची ढब, त्यांचे दागिने आणि केशरचना यांचे अनुकरण घरंदाज स्त्रियांनी केले. म्हणजे स्त्रीच्या शालीन वेशाचा आदर्श काही काळ एका पुरुष नटाने घडविला. दुसरीकडे तमाशातील नाच्या प्रेक्षकांना हवा असतो. परंतु ती भूमिका करणाऱ्या माणसाला गावात मान नसतो. आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ या कादंबरीचा आणि तीवरील २०१० सालच्या चित्रपटाचा गाभा हाच आहे. नाच्याच्या भूमिका गाजविणारे अभिनेते गणपत पाटील यांना पडद्यावरील प्रतिमेचा उपद्रव खासगी आयुष्यातही सोसावा लागला. भोर आणि वेल्ह्यातील गावोगावच्या यात्रांत तमाशा पाहिलेल्या पिढीला हे निराळे सांगण्याची गरज नाही.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. चौकट मोडणारा वेश समाजाला अपरिचित नाही. तो मंचाच्या कडेपर्यंत चालतो, मंचाखाली उतरला की चालत नाही. बालगंधर्व अथवा गणपत पाटील यांना क्वीअर ठरविण्याचा येथे हेतू नाही, आणि तसे करणे चुकीचेही होईल. मुद्दा इतकाच की वेश हा या समाजात लिंगभावाचा पुरावा मानला जातो. ज्याच्यावर संशय घेतला जातो त्याला म्हणूनच वेशाचा विचार इतरांपेक्षा अधिक सावधपणे करावा लागतो. शर्टाचा रंग कोणता, केस किती, चालताना हात कसे, याचा हिशेब तो लहानपणापासून ठेवतो. कपडा काय झाकतो व काय उघड करतो, हे ज्ञान त्याला पुस्तकातून मिळत नाही. ते त्याला जगण्यासाठी मिळवावे लागते.

४. वेंडेल रॉड्रिक्स : जीवन आणि काळ

वेंडेल रॉड्रिक्स यांचा जन्म २८ मे १९६० रोजी मुंबईत एका गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबात झाला. त्यांचे प्रारंभीचे शिक्षण हॉटेल व्यवस्थापनाचे होते आणि पहिली नोकरी ओमानमध्ये खानपान विभागात होती. त्या नोकरीतील बचतीवर त्यांनी लॉस एंजलिस व पॅरिस येथे फॅशनचे शिक्षण घेतले. ओमानमध्येच त्यांची जेरोम मारेल या फ्रेंच गृहस्थांशी भेट झाली व पुढे ते दोघे आयुष्यभर सोबत राहिले. १९९० च्या दशकात त्यांनी मुंबई सोडून बार्देश तालुक्यातील कोलवाळ या गावी बिऱ्हाड केले. फॅशनचा व्यवसाय मुंबई-दिल्लीत चालतो, गावात नाही, असे सर्वजण मानत असताना घेतलेला हा निर्णय होता.

२००२ मध्ये त्यांनी व मारेल यांनी फ्रान्सच्या नागरी सहजीवन कायद्याखाली आपले नाते नोंदविले. भारतात तेव्हा भारतीय दंडसंहितेचे कलम ३७७ अमलात होते. १८६० च्या त्या संहितेनुसार समलैंगिक संबंध हा गुन्हा होता. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीच्या संबंधांना त्यातून वगळले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि गुन्ह्याचा शिक्का पुन्हा बसला. यानंतर अवघ्या ४५ दिवसांनी, २०१४ च्या प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला पद्म पुरस्कारांची यादी जाहीर झाली. तीत पद्मश्रीसाठी रॉड्रिक्स यांचे नाव होते. राज्यसंस्थेने एका हाताने ज्याला सन्मानित केले, त्याचेच सहजीवन तिच्या कायद्याने गुन्ह्याच्या छायेत ठेवले होते. कलावंताचे काम स्वीकारायचे पण माणूस नाकारायचा, ही मंच आणि जीवन यांतील जुनीच दरी येथे कायद्याच्या भाषेत दिसते.

६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने संमतीच्या संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. रॉड्रिक्स यांचे निधन १२ फेब्रुवारी २०२० रोजी कोलवाळ येथे झाले; आपले जीवन गुन्हा नाही, हे कायद्याने सांगितल्यानंतर त्यांना दीड वर्षाहून थोडा कमीच काळ लाभला.

५. कार्यातील मूल्यांचे विवेचन

रॉड्रिक्स यांच्या कामात तीन मूल्ये ठळकपणे दिसतात. त्यांचा त्यांच्या अस्मितेशी असलेला संबंध क्रमाने पाहू.

५.१ शरीराला मोकळीक

भारतीय फॅशन म्हणजे भरजरी लग्नाचे कपडे, असे समीकरण असताना रॉड्रिक्स यांनी साधेपणाचा पुरस्कार केला. सरळ भौमितिक रेषा, पांढऱ्या रंगाची आवड, सुती आणि लिननचे कापड, गोव्याच्या दमट हवेत अंगाला चिकटणार नाही अशी शिवण, ही त्यांच्या कपड्यांची ओळख होती. त्यांना साधेपणाचा अध्वर्यू म्हटले जाई. असा कपडा शरीराला ठरीव आकारात बसवीत नाही; शरीर आहे तसे स्वीकारतो.

हे केवळ त्यांच्या अस्मितेमुळे घडले, असे म्हणता येणार नाही. हवामान, बाजारपेठ आणि पॅरिसचे शिक्षण ही कारणे उघड आहेत. परंतु ज्या माणसाने स्वतःचे जीवन न लपविण्याचा निर्णय घेतला, त्याने झाकण्यापेक्षा मोकळे ठेवण्याला आपल्या कामात मोल द्यावे, यात सुसंगती निश्चित आहे. सुसंगती म्हणजे कारण नव्हे. तरीही अर्थ लावताना ती दुर्लक्षिता येत नाही.

५.२ परिघावरील माणसांची नोंद

गोव्यातील गावडा-कुणबी स्त्रियांची लाल चौकड्यांची सुती साडी हे रॉड्रिक्स यांच्या कामातील दुसरे महत्त्वाचे प्रकरण होय. आखूड नेसायची, खांद्यावर गाठ मारायची, म्हणजे शेतात वाकताना पदर आड येत नाही, अशी ही कष्टकरी स्त्रीची साडी. भोर-वेल्ह्यातील भाताच्या खाचरांत कास मारून, लुगडे वर खोचून उभ्या राहणाऱ्या स्त्रिया पाहिलेल्या वाचकाला तिच्या रचनेमागील तर्क लगेच उमगेल. गोव्यात गावडा, कुणबी व वेळीप या समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. नावातील साम्यामुळे महाराष्ट्रातील कुणबी समाजाशी त्यांची गल्लत करू नये. या साडीचे गोव्यातील हातमागावरील विणकाम जवळजवळ लोप पावले होते. रॉड्रिक्स यांनी विणकरांना हाताशी धरून ती पुन्हा विणून घेतली, आजच्या स्त्रीला नेसता येईल असे तिचे रूप घडविले आणि २०१० च्या सुमारास दिल्लीच्या फॅशन सप्ताहात ती मांडली.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘मोडा गोवा’ हा ग्रंथ गोव्याच्या वेशभूषेचा इतिहास आहे. या ग्रंथाचे वैशिष्ट्य असे की त्यात सरदार-दरकदारांच्या आणि पोर्तुगीज अंमलदारांच्या पोशाखाबरोबर कष्टकऱ्यांच्या पोशाखालाही इतिहास असल्याचे गृहीत धरले आहे.

याहून बोलके उदाहरण त्यांच्या ‘पोसकें’ या २०१७ सालच्या कादंबरीचे आहे. गोव्यातील सधन ख्रिस्ती घरांत अनाथ अथवा गरीब मुले वाढविली जात. मराठीतील ‘पोसणे’ या क्रियापदाशी नाते सांगणाऱ्या शब्दाने त्यांना पोसकें म्हणत. ही मुले घरात असत पण घरची नसत. कुटुंबाचे नाव काहींना मिळे, वारसा मात्र मिळत नसे, आणि राबणे चुकत नसे. सुखवस्तू समाज ज्याविषयी बोलत नाही, अशी ही प्रथा रॉड्रिक्स यांनी कादंबरीचा विषय केली. घरात असूनही घरचे नसणे हा अनुभव क्वीअर व्यक्तींना अपरिचित नसतो. जेवणाच्या पंगतीत जागा असते, पण लग्नपत्रिकेत, कुटुंबाच्या छायाचित्रात, मालमत्तेच्या कागदात ती असेलच असे नाही. स्वतः तसे भोगले असो वा नसो, त्या स्थितीकडे पाहण्याची नजर अस्मितेतून येऊ शकते. येथे रॉड्रिक्स स्वतःविषयी लिहीत नाहीत, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. अस्मितेचे परिपक्व रूप आत्मकथनात संपत नाही. ते दुसऱ्याच्या वेदनेपर्यंत पोहोचते.

५.३ रक्ताबाहेरचा वारसा

आपल्याकडील कारागिरी परंपरेने बापाकडून मुलाकडे जाते. शिंपी, कोष्टी, तांबट, कुंभार या व्यवसायांची नावे जातीची नावे झाली, ती यामुळेच. ज्याला संतती नाही त्याच्या विद्येचे काय, या प्रश्नाला परंपरेकडे दत्तकविधान व गुरुशिष्यनाते ही दोन उत्तरे आहेत. रॉड्रिक्स यांनी दुसरे स्वीकारले. २०१६ मध्ये त्यांनी आपल्या नावाच्या वस्त्रसंस्थेची सूत्रे शुलेन फर्नांडिस या आपल्या सहकारी डिझायनरकडे सोपविली आणि स्वतः संग्रहालयाच्या कामाला वाहून घेतले. कोलवाळ येथील आपले जुने राहते घर त्यांनी त्यासाठी दिले. त्यालाही ‘मोडा गोवा’ हेच नाव योजले होते. संग्रहालय त्यांच्या हयातीत खुले होऊ शकले नाही. ते पुढे नेण्याची जबाबदारी मारेल यांच्यावर आली.

ज्या नात्याला देशाचा कायदा विवाह म्हणून ओळखत नव्हता, त्याच नात्याने एका प्रांताच्या वस्त्रपरंपरेचा ठेवा सांभाळण्याचे काम पुढे चालविले. वारसा म्हणजे रक्त आणि सातबारा, या समजुतीला दिलेले हे उत्तर आहे. सार्वजनिक संग्रहालय उभारणे ही निवड अनेक निपुत्रिक दानशूरांनीही केली आहे. पण येथे ती उतारवयातील दान म्हणून आलेली नाही. आयुष्यभराच्या कामाचा शेवटचा टप्पा म्हणून ती आली आहे.

६. तुलना : गिल्बर्ट बेकर आणि रोहित बल

अमेरिकेतील गिल्बर्ट बेकर (१९५१–२०१७) हे कॅन्सास प्रांतातले. सैन्यातील नोकरीनंतर ते सॅन फ्रान्सिस्कोत राहिले व तेथे शिवणकाम शिकले. समलैंगिकांची ओळख म्हणून तोवर जे चिन्ह परिचित होते तो गुलाबी त्रिकोण नाझी छळछावण्यांत कैद्यांच्या कपड्यांवर शिवला जात असे. म्हणजे ते चिन्ह शत्रूने दिलेले होते. बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुती कापड हाताने रंगवून, शिवून आठ पट्ट्यांचा इंद्रधनुषी ध्वज तयार केला आणि तो २५ जून १९७८ रोजी फडकला. प्रत्येक रंगाला त्यांनी अर्थ दिला होता. पुढे गडद गुलाबी कापड पुरेसे मिळेना म्हणून तो पट्टा गेला, नंतर आणखी एक रंग गेला, आणि आजचा सहा पट्ट्यांचा ध्वज उरला. या ध्वजावर बेकर यांनी कधीही मालकी हक्क सांगितला नाही. तो सर्वांचा असावा, हेच त्याचे डिझाइन होते, असे म्हणता येईल. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने तो आपल्या डिझाइनविषयक संग्रहात घेतला. पुण्यात २०११ पासून निघणाऱ्या अभिमान पदयात्रेतही तोच ध्वज असतो.

याउलट रोहित बल (१९६१–२०२४) यांचे उदाहरण. मूळचे काश्मीरचे असलेले बल हेदेखील आपले समलैंगिकत्व न लपविणारे डिझायनर होते. परंतु त्यांची वस्त्रे मखमल, भरतकाम, कमळ आणि मोर यांनी समृद्ध, दरबारी थाटाची होती. रॉड्रिक्स यांचा साधेपणा आणि बल यांचे वैभव यांत शैलीचे काहीच साम्य नाही. यावरून समलैंगिक डिझायनरची अमुक एक शैली असते, हा समज निराधार ठरतो. मात्र दोघेही आपापल्या मातीकडे, एक गोव्याकडे तर दुसरा काश्मीरकडे, पुन्हा पुन्हा वळले, हे लक्षणीय आहे. ज्याला घरात संपूर्ण जागा असेलच अशी खात्री नसते, तो घर म्हणजे काय हा प्रश्न अधिक चिकाटीने विचारतो, असे अनुमान येथे करता येईल. ते अनुमानच आहे, सिद्धान्त नव्हे.

७. आक्षेप आणि मर्यादा

या विवेचनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की हातमागाचे पुनरुज्जीवन, साधेपणा, संग्रहालय या गोष्टी क्वीअर नसलेल्या अनेकांनीही केल्या आहेत. हे मान्य आहे. अस्मिता हे एकमेव कारण नसते. प्रांत, धर्म, वर्ग, शिक्षण यांच्यासह ती काम करते. रॉड्रिक्स यांच्या बाबतीत गोमंतकीयत्व हा घटक बहुधा तितकाच प्रबळ होता.

दुसरा आक्षेप असा की कलावंताच्या खासगी जीवनाकडे पाहण्याचे कारणच काय? यावर उत्तर असे की भिन्नलिंगी कलावंताच्या पत्नीचा, मुलांचा, प्रेमाचा उल्लेख चरित्रात आपण सहज करतो. त्यास आपण खासगी म्हणत नाही. खासगीपणाची आठवण फक्त एकाच प्रकारच्या प्रेमाच्या वेळी होत असेल, तर तो विवेक नसून संकोच होय. अर्थात ज्याने स्वतः जाहीर केले नाही त्याच्याविषयी तर्क करणे मात्र सर्वथा गैर आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रॉड्रिक्स यांना इंग्रजी शिक्षण, परदेशातील नोकरी व सोबत देणारा जोडीदार लाभला. ज्यांच्यापाशी यांपैकी काहीच नाही, त्यांची अस्मिता मूल्यांत रूपांतरित होण्याआधी भीतीतच संपून जाऊ शकते. वेल्हे, ज्याला आता राजगड तालुका असे नाव मिळाले आहे, तेथील डोंगराळ वाडीतून एसटीने भोर वा पुण्यापर्यंत शिकायला येणाऱ्या मुलामुलींसाठी हा आक्षेप केवळ तात्त्विक नाही.

८. अध्यापकांच्या दृष्टीने काही विचार

वर्गातील शेऱ्याकडे आता पुन्हा वळता येईल. शिवणकाम करणारे पुरुष तसेच असतात, या वाक्याने दोघांचे नुकसान होते. ज्या मुलाला कापडाची, रंगाची, रेषेची जाण आहे पण जो समलैंगिक नाही, तो हशाच्या भीतीने त्या वाटेला जात नाही. जो समलैंगिक आहे पण ज्याला शेती, पोलीस दल अथवा गणित यांची ओढ आहे, त्यालाही समाज एकाच कोनाड्यात ढकलतो. अस्मिता शैली देत नाही तशी ती व्यवसायही ठरवीत नाही, हे वर्गात स्पष्टपणे सांगणे हे अध्यापकाचे काम आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांत २०१६ मध्ये केलेल्या दुरुस्तीने लैंगिक कल आणि पारलिंगी ओळख यांवरून विद्यार्थ्याची टवाळी करणे, त्यास वाळीत टाकणे हे रॅगिंग ठरविले आहे. म्हणजे मागील बाकांवरील हशा हा नियमांच्याही कक्षेत येऊ शकतो. परंतु नियमाचा धाक दाखविण्यापूर्वी करता येण्यासारख्या साध्या गोष्टी पुष्कळ आहेत. ग्रंथालयात या विषयावरील चार मराठी पुस्तके असावीत आणि ती कपाटात बंद नसावीत. व्यवसाय मार्गदर्शनात १९६१ मध्ये स्थापन झालेली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, १९८६ ची राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था यांची माहिती मुलगे व मुली दोघांनाही द्यावी. उदाहरण देताना रॉड्रिक्स यांचे नाव घ्यावे, त्यांचे काम सांगावे आणि त्यांचा जोडीदार कोण होता हेही इतर कोणाच्या बाबतीत सांगतो तितक्याच सहजतेने सांगावे.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळले पाहिजे. विद्यार्थ्याने स्वतःविषयी काही सांगावे, अशी अपेक्षा अध्यापकाने करू नये, आणि त्याने विश्वासाने सांगितलेच तर ते घरी, गावात, स्टाफरूममध्ये कोठेही पोहोचू देऊ नये. लहान गावात बातमीला पाय लवकर फुटतात, आणि तिची किंमत सांगणाऱ्याला मोजावी लागत नाही. उघड जगणे हे रॉड्रिक्स यांच्यासाठी मूल्य होते. परंतु ते कोणावर लादता येणारे मूल्य नाही.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष हाती येतात. एक, क्वीअर अस्मिता डिझायनरला ठरीव शैली देत नाही. कोण झाकले गेले आहे, घर कोणाचे आहे, वारसा कोणाला जातो, मालकी कोणाची असावी, हे प्रश्न ती त्याच्यापुढे लवकर आणि तीव्रतेने उभे करते. दोन, या प्रश्नांची उत्तरे व्यक्तीगणिक बदलतात. ती प्रांत, वर्ग व संधी यांवर अवलंबून असतात. तीन, कामाचा गौरव आणि माणसाचा नकार ही विसंगती आपल्या रंगभूमीपासून कायद्यापर्यंत दिसते, आणि वर्गखोलीही तिला अपवाद नाही. चार, ती विसंगती कमी करणे हे अध्यापकाच्या आवाक्यातील काम आहे.

तासानंतर थांबलेल्या त्या विद्यार्थ्याला पुस्तक का हवे होते, हे विचारले नाही व विचारण्याचे कारणही नव्हते. त्याला वेशभूषेची आवड असेल, गोव्याची उत्सुकता असेल, अथवा आणखी काही. पुस्तक मागविण्याची नोंद मात्र ग्रंथालयाच्या मागणी-वहीत त्याच दिवशी केली.